समुद्राचा वारा येण्याआधी

पहाटे ४.१५

डिसेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून दोन पहाटा माझ्या फेरीच्या. आजची त्यातली एक. घरातली सगळी गाढ झोपेत. चहा उकळेपर्यंत मी धाकट्याच्या उशाशी जाऊन त्याचा श्वास ऐकते. छातीतून शिटी येत नसली की मन ठिकाणावर राहतं. उशीखाली त्याचा पंप आहे. दम्याच्या औषधाला आमच्याकडे सगळे पंपच म्हणतात. पूर्वी शेजारणी विचारायच्या, "अगं, इतक्या लहान वयात पंप?" हल्ली कुणी विचारत नाही, कारण मजल्यावरच्या आणखी दोन घरांत तो आला आहे.

खाली गाडी उभी असते. चालक, माझे सहकारी अभियंता, एक मार्शल आणि एक हवालदार. पूर्व उपनगरातल्या एका विभागाचं हे धुळीचं पथक. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली, महिनाअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, आणि विभागाविभागात अशी पथकं फिरू लागली. त्याआधी माझी नोकरी गटारं, फुटपाथ आणि इमारतींच्या कागदांत गेली. हवेचं काम म्हणजे यंत्रं आणि आकडे, अशी माझी समजूत होती. करायला लागल्यावर कळलं की हे सगळं वेळेचं काम आहे. शहरात कोणती गोष्ट कोणत्या तासाला होते, ते आधी बघायला हवं.

पहाटे ४.४५

गाडीच्या दिव्यांच्या झोतात धुरकं तरंगतंय. धुकं ओलसर असतं आणि डोळ्यांना गार लागतं. हे चुरचुरतं, आणि त्याला जळक्या प्लास्टिकचा वास आहे.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथे थंडीच्या दिवसांत तिन्हीसांजेला चुली पेटल्या की धूर सरळ वर जात नाही. पोफळीच्या शेंड्यांपर्यंतही पोचत नाही, माडांच्या कमरेशी आडवा पसरून राहतो. लहानपणी ते दृश्य फार आवडायचं. त्याचं कारण मला कळलं ते या कामात आल्यावर. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. गार हवा वर चढत नाही आणि तिच्यासोबत धूरही अडकतो. दिवसा ज्या धुराला वर पसरायला भरपूर उंची मिळते, त्याला पहाटे जेमतेम काही मजल्यांची जागा असते.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. मुंबईच्या हवेचा सगळा हिशोब त्या एका धड्यात आहे. हिवाळ्यात खारा वारा दुपारी बारा-एकच्या सुमाराला जोर धरतो आणि सूर्य कलला की मंदावतो. रात्रीचा मतलई वारा दुबळा असतो, पहाटे तर पानही हलत नाही. आणि नेमक्या त्याच वेळात या शहराची सगळी धुराची आणि धुळीची कामं चालतात. राडारोड्याचे डंपर रात्री धावतात, कारण दिवसा त्यांना रस्ता मिळत नाही. बेकऱ्यांच्या भट्ट्या पहाटे पेटतात. शेकोट्या पहाटे. झाडलोट पहाटे. वारा नसतानाच आपण हवेत सगळ्यात जास्त घालतो, आणि मग दुपारी समुद्राने ते झाडून न्यावं अशी अपेक्षा ठेवतो. म्हणून आमची फेरी पावणेपाचला असते.

पहाटे ५.१०

पहिली शेकोटी एका बांधकामाच्या फाटकाशी. राखणदार काका साठीच्या आसपासचे, मूळचे बीड जिल्ह्यातले. कानाला मफलर, अंगात कुणीतरी दिलेलं पातळ जॅकेट. विस्तवात फरशीच्या खोक्यांचे पुठ्ठे, सेंटरिंगच्या प्लायचे तुकडे, वायरचं आवरण. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले आणि पायाने निखारे विखरू लागले.

"बसा काका," मी म्हटलं, "आधी पाणी टाकू या." मार्शलने बादली आणली. विझताना जो पांढरा धूर उठला त्याने आम्हा सगळ्यांना खोकला आला. काकांना सगळ्यात जास्त.

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजारांची भरपाई ठरवली. पाच हजार या माणसाकडून घ्यायचे? थंडीत रात्रभर उघड्यावर उभं राहायचं काम त्यांना ज्याने दिलं, पण बसायला चार भिंती दिल्या नाहीत, पाच हजार त्याच्याकडूनच घ्यायचे. मी नोंद कंत्राटदाराच्या नावाने लिहिते आणि शेऱ्यात घालते: राखणदारासाठी बंदिस्त चौकी आणि विजेचा हीटर, तीन दिवसांत. दिल्लीत हवा बिघडली की जे टप्प्याटप्प्याचे निर्बंध लागतात, त्यांत रात्रपाळीच्या राखणदारांना मालकाने हीटर द्यावा हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडेही ते लिहायला हवं, अगदी याच शब्दांत. मुंबईची थंडी ती काय, असं म्हणणाऱ्याने एकदा पहाटे पाचला खाडीच्या कडेला तासभर उभं राहून बघावं.

तासाभरात अशा सात शेकोट्या. एक कचऱ्याच्या ढिगावर, एक रिक्षांच्या थांब्याशी, बाकीच्या सगळ्या बांधकामांच्या फाटकांशी.

पहाटे ६.००

बेकरीत लादीपाव निघायची वेळ. ही फेरीतली माझी आवडती जागा, आणि आवडती होऊन वर्षही झालेलं नाही.

आधी इथे लाकडाची भट्टी होती. लाकूड म्हणजे जंगलातलं सरपण नव्हे. मोडलेली कपाटं, दारं, पलंग, सनमायका चिकटवलेल्या फळ्या, रंग दिलेल्या चौकटी. वखारीच्या लाकडापेक्षा भंगारातलं स्वस्त पडतं. मग त्या रंगाचा, डिंकाचा, सनमायकाचा धूर दोन मजली उंचीच्या धुराड्यातून थेट समोरच्या चाळीच्या गॅलरीत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. इथले मालक, तिसऱ्या पिढीतले, माझ्याशी वाद घालून थकले होते. पावाला ती चव येणार नाही. गॅसची जोडणी मिळेपर्यंत धंदा बंद ठेवायचा का? नव्या भट्टीचं कर्ज कोण देणार? चवीचं सोडलं तर त्यांचे बाकीचे प्रश्न खरे होते. कागद पुरे करायला आम्ही त्यांच्यासोबत चार चकरा मारल्या.

आज गॅसची भट्टी चालू आहे. भट्टीवाल्या दादाने लांब दांडीने पत्र्याचा साचा बाहेर ओढला, पालथा केला, आणि लादी एका झटक्यात सुटली. भिंतींना मात्र जुनी काजळी तशीच आहे. मी बोट फिरवलं तर काळं, तेलकट, खरवडल्याशिवाय न जाणारं. "मॅडम, हेच माझ्या छातीत असणार ना?" दादाने विचारलं. एकवीस वर्षं त्याने त्या भट्टीपुढे काढली आहेत. मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, दवाखान्याचा वार आणि वेळ कागदावर लिहून दिली. याहून जास्त मला काही करता आलं नाही.

या बेकरीत आता रोज तपासणीला यावं लागत नाही. इंधनच बदललं की पहाटेची वेळ असो वा दुपारची, वारा असो वा नसो, धूर होतच नाही. आमच्या बाकीच्या कामाला हे भाग्य नाही.

सकाळी ६.४५

चौकीवर हजेरी झाली. मुकादम रस्ते वाटून देतायत. सफाई कामगार मावशी ओढणीने नाक-तोंड बांधून कामाला लागल्या. पथकाने दिलेला मास्क त्यांच्या पिशवीत आहे. तो लावून झाडलं की दम लागतो, श्वासाच्या वाफेने आतून भिजतो, असं त्या सांगतात. त्यांचं म्हणणं मी स्वतः झाडू घेऊन पडताळलं आहे. दहा मिनिटांत मास्क काढावासा वाटतो.

दुभाजकाच्या कडेला बोटभर जाडीची माती साचलेली असते. तिच्यावर कोरडा झाडू फिरला की ती उठते आणि वारा नसल्यामुळे तिथल्या तिथे घुटमळते, झाडणाऱ्या बाईच्या कमरेपासून डोक्यापर्यंत. म्हणून आमच्या विभागात दोन रस्त्यांवर आम्ही मुकादमांशी बोलून क्रम बदलला. आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग कडेची माती फावड्याने खरवडून गोणीत, आणि झाडू शेवटी. वेळ जास्त लागतो. मुकादम सुरुवातीला नाखूश होते, कारण गोण्या उचलायला गाडी वेळेवर यावी लागते.

रस्ते धुण्याच्या मोहिमेबद्दल इथेच बोलते, कारण त्याबद्दल मला नेहमी विचारतात. नोव्हेंबर २०२३ पासून शहरात टँकरने रस्ते धुतले जातात. धुवावेत, जरूर धुवावेत, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने धुवावेत. पण धुतल्यावर जो चिखल कडेला जमतो तो त्याच तासात उचलला नाही, तर अकराच्या उन्हात तो वाळतो, बसच्या आणि ट्रकच्या चाकांखाली जात्यात दळल्यासारखा बारीक होतो आणि पुन्हा उडतो, आधीपेक्षा बारीक होऊन. टँकरच्या मागे फावडं आणि गोणी नसेल, तर टँकर पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी ७.२०

सकाळच्या शाळेची घंटा. पटांगणात ओळी, प्रार्थना, मग कवायत. दिवसातली सगळ्यात वाईट हवा जमिनीलगत असताना मुलं धावून धावून मोठे श्वास घेतात. दोन शाळांच्या बाईंना मी विनंती केली आहे की डिसेंबर-जानेवारीत खेळाचा तास शेवटी ठेवा. एका शाळेने ऐकलं.

स्टेशनवर गर्दी सुरू झाली. हार्बरची गाडी आली, भरली, गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गावर धावली. या शहराच्या हवेवर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे असतील, तर त्या निर्णयाचे. एवढी माणसं रोज मोटारींनी गेली असती तर मुंबईत श्वास घेणं शक्य झालं नसतं. पुढे या शतकाच्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशामुळे काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. तेव्हाही विरोध झाला होता. आज एकही टॅक्सीवाला डिझेल परत मागत नाही.

सकाळी ११.००

हवेच्या मोजणीचं केंद्र. एका गच्चीवरची वातानुकूलित खोली, छतातून वर गेलेली नळी, नळीच्या टोकाला टोपीसारखं तोंड. तिथल्या तंत्रज्ञाचा आज साफसफाईचा दिवस आहे. त्याने टोपी उतरवून पुसली, तळाची पाण्याची बरणी रिकामी केली, झुरळाचा एक पाय काढला. मग प्रवाह मोजला. मिनिटाला १६.७ लिटर. म्हणजे तासाला जवळजवळ एक घनमीटर हवा या नळीतून आत जाते. हा प्रवाह चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून तो माणूस लहान मुलाचा ताप बघावा तसा तो पुन्हा पुन्हा बघतो.

यंत्राच्या आत काचतंतूंची पांढरी फीत आहे, जुन्या कॅसेटसारखी दोन चक्रांवर गुंडाळलेली. हवा फितीच्या एका गोल जागेतून तासभर ओढली जाते, धूलिकण तिथेच अडकतात. मग त्या जागेतून बीटा किरण सोडतात. जितकी धूळ जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. त्यावरून आकडा निघतो, फीत एक घर पुढे सरकते, नवा तास सुरू होतो. आपल्या फोनवर हवेचा जो आकडा दिसतो, त्याचं मूळ हे.

तंत्रज्ञाने झाकण उघडून मला फीत दाखवली. दर वेळी दाखवतो, आणि दर वेळी मी खाली वाकून बघते. एका ओळीत करड्या टिकल्या, प्रत्येक टिकली एका तासाची. कालच्या पहाटेच्या टिकल्या गडद. सकाळी आठ-नऊची तर पावसाळी ढगासारखी काळसर. बाराची जरा उजळ. दुपारी तीन-चारची इतकी फिकी, की शोधावी लागते. मग रात्री दहाच्या सुमारास पुन्हा गडद. शहराचा एक दिवस हातभर फितीवर छापलेला. माणूस निवांत बसलेला असताना तासाला साधारण अर्धा घनमीटर हवा घेतो, ओझं उचलताना त्याच्या कितीतरी पट. सकाळच्या मावशींच्या छातीत ती आठची टिकली गेली आहे.

हवेचा निर्देशांक मात्र मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. सरासरी काढताना पहाटेची काळी टिकली आणि दुपारची फिकी टिकली एकत्र मिसळतात आणि 'मध्यम' असा एक शब्द तयार होतो. आकडा खोटा नाही. त्याच्यामागे असे झुरळांचे पाय काढणारे प्रामाणिक लोक आहेत. पण त्या शब्दात पहाट दिसत नाही, आणि जी माणसं पहाटे कामावर असतात तीही दिसत नाहीत. दर तासाचे आकडे उपलब्ध असतात. वर्तमानपत्रांनी ते छापावेत, निदान सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा शेजारी शेजारी.

दुपारी १.००

कार्यालय. तक्रारी, फोटो, नोटिशींची बाडं. डबा खाताखाता दोन उत्तरं लिहिली. खिडकीबाहेरच्या पिंपळाची पानं हलायला लागली. खारा वारा आला.

दुपारी २.३०

मोठं बांधकाम. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारत म्हणून भोवती ३५ फुटी पत्रे. ते आहेत. इमारतीला हिरवं कापड हवं. तेही आहे, दोन मजल्यांवर फाटलेलं. पाण्याचा फवारा मारणारी गन आम्ही आत शिरल्यावर सुरू झाली. आत शिरताना मी तिच्या जाळीला हात लावला होता, पूर्ण कोरडी होती.

साइट इंजिनियर तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने फोन पुढे केला. "मॅडम, बघा ना, हवा समाधानकारक दाखवतेय. हिरवा रंग आहे."

"तो समुद्राचा वारा आहे," मी म्हटलं. "तुमची चाकं धुवायची कुंडी दाखवा."

कुंडी कोरडी. तळाला सिमेंटचा पापुद्रा, त्याच्यावर तडे. आणि फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत डंपरच्या चाकांचे तपकिरी पट्टे. डंपर पायाच्या खड्ड्यातून ओली माती चाकांना चिकटवून बाहेर येतो, रस्त्यावर सोडत जातो, आणि पुढचं दळण बाकीची वाहनं करतात. पत्र्याच्या आतली धूळ पत्रे अडवतात. चाकाला लागून बाहेर जाणाऱ्या धुळीला पत्रे काय करणार? बांधकामाच्या सगळ्या नियमांत एकच नियम पाळायला लावायची मुभा मला मिळाली, तर मी चाकं धुण्याचा निवडेन.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणाहून कुंडी चालू असल्याचा व्हिडिओ फोनवर आला. पाणी खळाळतंय, चाकं धुतली जातायत. मी तो फाइलला लावून प्रकरण बंद केलं. आठवड्याने पहाटेच्या फेरीत तिथे पोचले तर नाक्यापर्यंत माती. व्हिडिओ दुपारी काढला होता, डंपर रात्री चालत होते. वळणावर दुचाकी घसरून एका मुलाचं कोपर फुटलं होतं. तेव्हापासून मी व्हिडिओवर प्रकरण बंद करत नाही. रात्रीच्या डंपरच्या वेळेला स्वतः जाते.

आतल्या बाजूला फरशी कापणारा कारागीर बसला होता. फिरत्या पात्यातून पांढरी धूळ सरळ त्याच्या तोंडावर. फरशीतल्या आणि दगडातल्या सिलिकाची ती धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही. मी पाण्याची बाटली मागवली, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि त्याच्या जोडीदाराला ती पात्यावर धरायला सांगितली. थेंब पडू लागले, आणि धुळीच्या जागी राखाडी काला खाली ओघळू लागला. कारागीर थांबला, हाताने चेहरा पुसला आणि बाटलीकडे बघत राहिला. पाण्याची नळी जोडलेलं कटर बाजारात सहज मिळतं. ते आणून द्यायला इंजिनियरला चार दिवसांची मुदत दिली, लेखी.

कुंडीसाठी मात्र मुदत नाही. काम थांबवायची नोटीस. तो पोरगा घाबरला, वर फोन लावू लागला. मला त्याचं वाईट वाटतं, कारण कुंडीत पाणी भरायचा निर्णय त्याच्या हातातला नसतो. पण ३० डिसेंबर २०२४ रोजी बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात हवा सतत वाईट राहिली म्हणून तिथली सगळी बांधकामं सरसकट बंद करायची वेळ आली. त्यांत नियम पाळणारेही भरडले गेले. प्रत्येकाची कुंडी वेळेवर भरली तर अशी पाळी येणार नाही.

दुपारी ४.३०

आमच्या विभागाचं पूर्वेचं टोक. इथून देवनारचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कुजणाऱ्या कचऱ्यात मिथेन साठतो, आग आतल्या आत धुमसत राहते, वरून विझल्यासारखी दिसते.

खारा वारा या वेळेला छान अंगावर येतो. चौपाटीवर बसलेल्या माणसाला तो कोरा मिळतो. इथे गोवंडी, मानखुर्द, चेंबूरपर्यंत पोचताना तो सगळं शहर ओलांडून आलेला असतो, पश्चिमेची धूळ आणि मोटारींचा धूर सोबत घेऊन. म्हणजे ज्या वाऱ्याच्या भरवशावर आपण राहतो तोही घाण नाहीशी करत नाही, फक्त पूर्वेला सरकवतो. आणि पूर्वेला आधीच डंपिंग आहे, माहुलचे तेलाचे कारखाने आणि टाक्या आहेत. माहुल-अंबापाड्याच्या हवेवरून हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठोठावली. तिथल्या बायका ज्या उग्र वासाने डोकं दुखतं म्हणून सांगतात, तो बाष्पनशील रसायनांचा. निर्देशांकात जे आठ प्रदूषक धरतात त्यांत ती रसायनं नाहीतच. त्यांची डोकेदुखी फोनवरच्या आकड्यात कधी येणारच नाही.

शिवाय वारा दर वर्षी येईल याची हमी नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो रेंगाळला, वाऱ्यांची नेहमीची चाल बिघडली, शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध सलग तीन वर्षं टिकलेल्या ला निनाशी जोडला. त्या हिवाळ्यात मुंबईची हवा कित्येक दिवस दिल्लीशी बरोबरी करत होती. माझ्या धाकट्याला पंप लागला तो त्याच हिवाळ्यात.

संध्याकाळी ६.३०

अहवाल. सात शेकोट्या, एक काम थांबवा नोटीस, दोन लेखी ताकिदी, ताडपत्रीशिवाय धावणारे तीन डंपर. प्रत्येक नोंदीपुढे मी वेळ लिहिते. तसा रकाना छापील तक्त्यात नव्हता, मी पेनाने आखला. आता सहकारीही लिहितात. दोन हिवाळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हा दिसलं की आमच्या विभागात सापडलेल्या आगींपैकी बहुतेक पहाटे चार ते सात या वेळातल्या आहेत. मग दिवसा दहा ते पाच तपासणी करून त्या कशा सापडणार? पुढच्या हिवाळ्यात पहाटेच्या फेऱ्या दोनाच्या चार कराव्यात, असा प्रस्ताव आज सोबत जोडला.

रात्री ९.००

धाकटा झोपला. खिडकीतून बघितलं तर वारा पडलेला, समोरच्या दिव्याभोवती पुन्हा वलय धरायला लागलं आहे. फितीवर आता गडद टिकल्या उमटत असतील.

वाचणाऱ्यांना एक विनंती. पहाटे दूध आणायला, फिरायला किंवा पहिली लोकल पकडायला बाहेर पडाल तेव्हा कुठे कचरा जळताना दिसला, उघडा डंपर माती सांडत जाताना दिसला, फाटकापासून चाकांचे तपकिरी पट्टे दिसले, तर मुंबईत १९१६ वर फोन करा. हवा खराब आहे एवढंच सांगितलं तर आम्हाला कुठे जायचं ते कळत नाही. रस्त्याचं नाव सांगा, जवळची खूण सांगा, आणि घड्याळात बघून वेळ सांगा. राखणदार शेकत बसलेला असेल तर त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या मालकाचं नाव फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं असतं, ते कळवा.

आमची पुढची गाडी परवा पहाटे पावणेपाचला निघेल.